बाई पळाली की

"ताई, थांबा! बसा मागं. काय झालं लेकराला?"

स्कूटर आडवी घालून ते काका उतरलेसुद्धा. मायाने बाबागाडी थांबवली, कमरेला खोचलेल्या ओढणीने तोंड पुसलं.

"काय न्हाई झालं, काका. पळायला आलीय."

"लेकरू घिऊन?"

"घरी कुणापाशी ठिवू?"

काकांनी वाकून पाहिलं. गाडीत गुड्डी टोपड्याची नाडी चघळत बसली होती. त्यांच्याकडे बघून हसली. किक मारता मारता काका पुटपुटले, "घाबरिवलंत की वो."

विश्रामबागेच्या रस्त्यावर हे रोजचंच झालं होतं. बाई मूल घेऊन धावते म्हणजे दवाखाना, याच्या पलीकडे कुणाच्या डोक्यात काही येत नसे. माया वडूजची. शाळेत असताना माळावरून अनवाणी पळायची. जिल्ह्यात पहिली आली होती. लग्नानंतर पाय गप्प झाले. गुड्डी झाल्यावर तर दोन खोल्यांत अंग आंबून गेलं. इंद्रजित वीज मंडळात वायरमन. त्याच्या साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी जुनी बाबागाडी देऊन टाकली. इंद्रजितने चाकं तारेने आवळली आणि म्हणाला, "पळ की. कोण आडिवतंय?"

सकाळच्या त्या वेळात ती कुणाची सून नसे, कुणाची बायको नसे. आई तेवढी असे, कारण लेक पुढ्यातच बसलेली.

हळूहळू रस्त्याला सवय झाली. काका नुसता हात करू लागले. दूधवाला नाथाजी एम-एटीवरून ओरडायचा, "वहिनी, गाडी आज टापमदी हाय!"

दिवाळीनंतर सासूबाई आल्या. दगडाबाई. कवठे महांकाळकडच्या, उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. पहिल्याच सकाळी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुटं?"

"पळायला, आत्या."

"आमच्यात बाई पळाली की लोकं इचारत्यात, कोण गेलं? उद्यापास्नं बंद."

"आई, आगं—" इंद्रजितने तोंड उघडलं.

"तू गप रं."

मायाने मान खाली घातली, पण दुसऱ्या दिवशीही बुटांच्या नाड्या बांधल्या. परत आली तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या. तोंड रस्त्याकडे, हातातला चहा निवून साय धरलेला. मग रोज तसंच. शेवटी एकदा म्हणाल्या, "पोरीला कायबी झालं, तर तुजं तोंड बघणार न्हाई मी." मायाला ते शापासारखं लागलं.

त्याच आठवड्यात गुड्डीला ताप भरला. इंद्रजित रात्रपाळीवरून यायचा होता. दिवस उजाडताना पोरीचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले. कोपऱ्यावर एकही रिक्षा नव्हती. मायाने तिला गाडीत कुशीवर निजवलं, पट्टा लावला आणि ती पळाली.

समोरून काका आले. हसले, हात केला, गेले.

"वहिनी, आज नंबरच काढताय जणू!" नाथाजी ओरडला. फाटकात उभी असलेली पोरं टाळ्या वाजवू लागली. मायाच्या तोंडून शब्द फुटेना. दम बोलण्यात घालवला तर पाय थांबतील. माणसं बाजूला सरकून तिला वाट देत होती. थांब मात्र कुणीच म्हणत नव्हतं.

नाथाजीने हसत हसत मागे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. दगडाबाई पळत येत होत्या. डोईवरचा पदर खांद्यावर, पायात काही नाही.

"आवं आत्ती! बसा, बसा मागं!"

"मला कशाला बसिवतोस मुडद्या? तिला गाठ!"

नाथाजीने गाठलं, तेव्हा माया पोरीला उराशी धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती.

"तापाचा झटका," डॉक्टर बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले. "आता भ्यायचं कारण नाही. लवकर आणलंत."

बाकावर दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माया त्यांच्यापुढे उकिडवी बसली. अनवाणी पळताना त्यांच्या तळव्यात काच गेली होती. ती नखाने काढू लागली.

"इंद्रजितच्या आधी एक हुता मला," दगडाबाई म्हणाल्या. "अर्जुना. मेंढरं माळावर बसवली हुती, तितं त्याला असंच झालं. धनी दुसऱ्या रानात. सासऱ्यानं घोंगड्यात गुंडाळून उचलला. म्हातारा माणूस. चार पावलं चालायचा, टेकायचा."

"मग?"

"सासऱ्याच्या म्होरं जायाचं न्हाई आमच्यात. त्येंच्या हातनं लेकरू कसं मागू? मी आपली मागं मागं." त्या थांबल्या. "मला पाय हुते गं. वाऱ्यासारकी पळत हुते लहानपणी."

काच निघाली. मायाने आपली ओढणी फाडून त्यांच्या तळव्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी गुड्डीला घरी सोडलं. इंद्रजित औषधं आणायला गेला होता. दोघी बाबागाडी घेऊन निघाल्या. दगडाबाई लंगडत चालत होत्या. माया सवयीने गाडीचा वेग मोडून दोन पावलं मागे राहिली.

दगडाबाई थांबल्या. रस्त्याच्या कडेला सरून उभ्या राहिल्या, मेंढरं पुढं काढताना उभ्या राहत असतील तशा.

"आवं चला की, आत्या."

"तू हो म्होरं."

माया घुटमळली. मग तिने गाडी पुढे ढकलली. तारेने आवळलेली चाकं कुरकुरत निघाली, आणि त्यांच्यामागे, ओढणी बांधलेलं एक पाऊल सावकाश पडत येत राहिलं.