खोली दाखवा

सुपारी सोलायला एरवी त्या अंगणात दहा-बारा बाया असायच्या. प्रत्येकीची विळी आपापली, आणि तोंडाचा पट्टा पात्याहून धारदार. त्या बसलेल्या असेपर्यंत हुचप्पाचा हात आवरलेला असे. साथ आली, जमायला बंदी झाली, आणि त्याची बायको बंगारम्मा एकटीच सोलू लागली. मग हुचप्पाला कोणाची भीड उरली नाही.

त्यांची मुलगी नेत्रावती शिमोग्याला रसायनशास्त्र शिकत होती. वसतिगृह बंद झालं तशी घरी आली. रेंज मिळे ती फक्त पडवीच्या दुसऱ्या खांबाशी. तिथे केळीच्या सोपटाच्या दोरीने मोबाइल बांधून ती वर्गाला बसे. बापाचा आवाज चढला की ती कॅमेरा बंद करी, आवाज बंद करी. आठ महिन्यांत एकदाही चुकली नाही. हुचप्पाही सरावला होता. "बंद केलंस?" एवढं विचारी आणि मगच लाकूड उचली.

त्या दिवशी सकाळी शेवटची तोंडी परीक्षा होती. आधी मोबाइल फिरवून खोली दाखवायची, मग आपली पाळी संपेपर्यंत काहीही बंद करायचं नाही. केलं तर नापास. नापास झाली तर कुंदापूरच्या स्थळाला होकार कळवायचा, हे हुचप्पाने ठरवूनच टाकलं होतं.

"नेत्रावती, खोली दाखव," हेगडे मॅडम म्हणाल्या.

तिने भिंत, सुपारीचे ढीग, आई असं सगळं दाखवलं. बंगारम्माने सुजलेल्या गालावर पदर ओढला. नेत्रावतीने मोबाइल परत खांबाला बांधला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चालू असताना हुचप्पा परसातल्या सुपारी उकडायच्या चुलीपासून आला. हात कोपरापर्यंत सुपारीच्या रसाने तांबडे.

"पाणी आटून सुपारी तळाला लागली! चूल काय तुझा मेलेला बाप बघणार?" त्याने बंगारम्माला केसांना धरून ओढलं. मग सवयीने विचारलं, "बंद केलंस?"

नेत्रावतीचा अंगठा मोबाइलवर गेला. आईनेही खालूनच हाताने खूण केली, बंद कर पोरी. अंगठा तिथेच थबकला.

"हो, अप्पा," ती म्हणाली.

लाकूड पाठीत बसलं, मग खांद्यावर, मग कानशिलावर. बंगारम्माचा दात घरंगळत सुपारीच्या ढिगात गेला.

"नेत्रावती," मॅडम मधेच म्हणाल्या, "खोली दाखव."

तिने सोपट तोडलं आणि मोबाइल बापाकडे वळवला. सगळा वर्ग बघत होता.

"लाकूड खाली ठेवा!" मॅडम ओरडल्या.

हुचप्पाने मोबाइलकडे बघितलं. "तू हो म्हणालीस," तो पुटपुटला, आणि धावून आला. लाकूड तिच्या मनगटावर पडलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, मोबाइल जमिनीवर उताणा पडला. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला तोवर बंगारम्मा मध्ये उभी होती, दोन्ही हातांत विळी उचलून.

बावीस वर्षं ती नवऱ्याला अहोजाहो करत होती.

"टाक पाऊल," ती म्हणाली. "टाकून बघ."

त्याने टाकलं. पातं कोपरापासून मनगटापर्यंत उतरत गेलं. रस कुठला, रक्त कुठलं, कळेना. तो मटकन खाली बसला.

खालच्या वाडीतला लोकेश त्याच वर्गातला. त्याची पाळी आधीच झाली होती. पडद्यावर हुचप्पाचं लाकूड दिसताच तो आईला हाका मारत सुटला होता. आता त्याची आई, देवक्का, चार बायांना घेऊन अंगणात शिरली. तोंडावर फडकी, काखेत विळ्या.

"बंदी आहे ना गं?" बंगारम्माने रक्त थुंकत विचारलं.

"खड्ड्यात गेली बंदी." देवक्काने विळी मांडली. "हुचप्पा, हाताला फडकं बांध आणि चुलीपाशी जा. आम्ही इथेच आहोत. उद्याही येऊ, परवाही."

एकीने नेत्रावतीच्या मनगटाला सुपारीच्या झावळीच्या कडक पोयीची पट्टी बांधली. जमिनीवरच्या मोबाइलमधून मॅडम विचारत होत्या, "परीक्षा नंतर घेऊ का गं?"

तिने डाव्या हाताने मोबाइल उचलला. "नको मॅडम. दुसरा प्रश्न अर्धा राहिलाय."