धूळ माझी, बोलणी बीन्झुला

मित्रांनो, सगळे ज्याच्यावर चालतात पण ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, तो मी. मी एक कोबा आहे. सिमेंट, वाळू आणि खडी यांचा, बारा वर्षे जुना कोबा. झांबियातल्या चोमा गावात, हामाइम्बो गवंड्याच्या घरी, पुढच्या दारापासून चुलीपर्यंत मी पसरलो आहे.

हामाइम्बोचा हात गावात नावाजलेला. त्याने घोटलेल्या कोब्यावर मक्याचे पीठ सांडले तर खुशाल भरून घ्यावे, असे लोक म्हणत. पण माझ्या जन्माच्या वेळी त्याला घाई होती. त्याच्या मुलाचे, मिलिमोचे लग्न चार दिवसांवर आले होते आणि घरात अजून माती होती. ऑक्टोबरचे ऊन तापलेले. माल भराभर पसरावा म्हणून त्याने त्यात बादलीवर बादली पाणी ओतले. मी पेजेसारखा पातळ झालो. माझ्या अंगावर पाणी तरंगू लागले, तेव्हा ते शोषून घ्यायला त्याने वरून कोरडे सिमेंट भुरभुरले आणि थापीने मला गुळगुळीत घोटले. त्यानंतर निदान सात दिवस माझ्यावर पाणी मारायला हवे होते. पण तिसऱ्याच दिवशी पाहुणे आले, खुर्च्या मांडल्या, ढोल वाजू लागले. पाणी जिथे कमी हवे होते तिथे मला भरपूर मिळाले आणि जिथे भरपूर हवे होते तिथे थेंबही नाही.

लग्नात मात्र माझे फार कौतुक झाले. "अरे, हा कोबा की आरसा!" असे पाहुणे म्हणाले. मी फुशारलो. हामाइम्बो नुसता हसला.

पंधरा दिवसांतच माझे अंग झडू लागले. वरची साय कच्ची होती, तिची पूड होऊ लागली. आणि घरात नवी सून आली होती, बीन्झु. मिलिमो ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असे. सासू, नामुंगा, करड्या शिस्तीची. केर काढायचे काम अर्थातच सुनेचे.

काय सांगू मित्रांनो, त्या मुलीने माझ्यासाठी किती कष्ट घेतले! सकाळी ती पाणी शिंपडून झाडी, मग ओल्या फडक्याने पुसून घेई. दुपारपर्यंत माझ्यावर पुन्हा पांढरी पावले उमटत. ती परत झाडी. जितक्या जोराने झाडी, तितकी माझी पूड अधिक निघे. एकदा तिने लाल मेणाचे पॉलिश लावले. ते माझ्या धुळीत कालवले गेले आणि घरभर सगळ्यांचे तळवे, चादरी, उशा लाल झाल्या.

"आम्ही सून आणली की वाळवंट?" नामुंगा म्हणाली.

दर गुरुवारी चर्चच्या बायका प्रार्थनेला येत आणि चटयांवर बसत. उठल्या की त्यांचे काळे घागरे मागून पांढरे झालेले असत. एकीने हसत टोमणा मारला, "नामुंगा, तुझ्याकडे प्रार्थना केली की लगेच गुण येतो गं! आम्ही सगळ्या देवदूतांसारख्या पांढऱ्याशुभ्र होतो."

बायका खो खो हसल्या. नामुंगाचा चेहरा उतरला. बीन्झु चुलीपाशी तोंड फिरवून उभी राहिली. दाराबाहेर हामाइम्बो आपली थापी पुसत होता. त्यानेही ते ऐकले होते. त्याने ती पिशवीत टाकली आणि तो कामावर निघून गेला.

दुसऱ्या वर्षी बीन्झुला मुलगी झाली, चोल्वे. सात महिन्यांची होऊन ती माझ्यावर रांगू लागली आणि तिला खोकला लागला. दवाखान्यातल्या नर्सने विचारले, "घरात धूळ फार असते का?" नामुंगाला तेवढेच निमित्त पुरले. तिने मोंझे गावी निरोप धाडून बीन्झुच्या आत्याला बोलावून घेतले.

आत्या आली. नामुंगा म्हणाली, "तुमच्या भाचीला घेऊन जा. केर काढायला शिकवा. शिकली तर परत पाठवा, नाहीतर ठेवून घ्या. माझी नात तिच्या आळसापायी खोकतेय."

"आमच्या घरी मातीची जमीन आहे, बाई," आत्या शांतपणे म्हणाली. "शेणाने सारवलेली. हिने तिच्यावरून कधी धूळ उठू दिली नाही. मग तुमच्या सिमेंटवरून कशी उठते?"

नामुंगाने दाराकडे बोट दाखवले. बीन्झुचे गाठोडे दाराशी बांधून ठेवलेले होते. मी सगळे जाणत होतो. पण मला तोंड कुठे होते?

तेवढ्यात हामाइम्बो आत आला. त्याला पाहताच बीन्झु रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली. तर तोही तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला! नामुंगा दचकली. "अहो, हे काय? सुनेपुढे?"

त्याने नखाने मला खरवडले आणि पांढरे झालेले बोट सगळ्यांना दाखवले.

"हिला न्यायचं असेल तर आधी हा कोबा उखडून न्या. हा कच्चा आहे. मी घाईत केला, पाणी जास्त घातलं, नंतर भिजवलाही नाही. दोन वर्षं मला हे ठाऊक आहे. पण गवंड्याच्याच घरचा कोबा कच्चा, हे कुठल्या तोंडानं सांगू?" मग तो खाली मान घालून म्हणाला, "पोरी, तू केर काढत नव्हतीस. माझी लाज झाडत होतीस."

बीन्झु अंगावरच्या कापडाचे टोक तोंडावर दाबून रडली. आत्याने दाराशी जाऊन गाठोडे सोडले.

आठवडाभर चोल्वेला घेऊन नामुंगा आणि बीन्झु शेजारी राहिल्या. हामाइम्बोने घर रिकामे केले, नाकाला ओले फडके बांधले आणि खरबरीत दगडाने, पाणी टाकत टाकत, माझी सगळी कच्ची साय घासून काढली. मला दुखले, पण बरेही वाटले. घासून निघालेला रेंदा भरून नेला, मला धुतले, वाळू दिले. मग त्याने दुकानातून आणलेले, कोबा कडक करणारे पाण्यासारखे औषध ब्रशने दोनदा लावले. मी ते तहानेल्यासारखा प्यालो. शेवटी लाल पॉलिश चढले आणि या वेळी ते टिकले.

पुढच्या गुरुवारी बायका उठल्या आणि सवयीने घागरे झटकू लागल्या. झटकायला काही नव्हतेच. चोल्वेचा खोकला हळूहळू कमी होत गेला. नामुंगाने माफी मागितली नाही. तिला ते कधी जमलेच नाही. पण एका सकाळी तिने बीन्झुच्या हातातून पॉलिशचा ब्रश काढून घेतला. "दे इकडे. आज मी घासते. तू बस आणि ते गार, विरजलेलं दूध पी, उन्हानं गरम व्हायच्या आत."

मित्रांनो, नवा कोबा घातलात तर त्याला बेताच्या पाण्यात कालवा आणि नंतर सात दिवस भिजत ठेवा. आणि कुठल्या घरची धूळ झाडूनही हटत नसेल, तर झाडणाऱ्या हातांना बोल लावण्याआधी वाकून जमीन नखाने खरवडून पाहा. आम्ही मुके असतो. आमचा दोष बिचाऱ्या झाडणारीच्या माथी जातो.