दोन्ही हात पाटीला

“दोन्ही हात पाटीला. काय बी झालं तरी खाली आणायचे न्हाईत,” असं म्हणून धुरपताबाईंनी ओल्या फडक्यानं झाकलेली खव्याची पाटी निकिताच्या डोक्यावर ठेवली.

पाटी चांगलीच जड होती. धाराशिवकडच्या वाशीच्या स्टँडमागं, बंद पडलेल्या रसवंतीच्या आडोशाला दोघी उभ्या होत्या. निकिताच्या अंगावर धुरपताबाईंचंच विटकं लुगडं, पदर कमरेला खोचलेला आणि डोकं उघडं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासरच्या मुलखात ती उघड्या डोक्यानं आजच पहिल्यांदा उभी होती.

“मावशी, माझी पिशवी?”

“ऱ्हाऊ दी हितंच. पिशवीवाली बाई लोकांना दिसती. वझंवाली कुणाला दिसत न्हाय.”

याआधी दोनदा ती तेरला आईकडं जायला निघाली होती आणि दोन्ही वेळा थोरल्या दिरानं, बलभीमनं, तिला वाटेतून माघारी नेलं होतं. मागच्या खेपेला नवऱ्यानं पट्ट्यानं फोडून काढलं. आता परत गेलीस तर पाय मोडून कोपऱ्यात बसवू, असं बलभीमनं सगळ्यांदेखत बजावलं होतं, आणि तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

धुरपताबाई तीस वर्षं गावातल्या भट्ट्यांवरचा खवा घेऊन दहाच्या एसटीनं धाराशिवला जात होत्या. शेजारच्या भट्टीवर त्या रोज यायच्या, पण निकितानं त्यांच्याकडं कधी धड पाहिलंही नव्हतं. परवा भिंतीपलीकडून त्यांनी तिचा सुजलेला डोळा पाहिला. कसं झालं, काय झालं, काही नाही. एवढंच विचारलं, “सोमवारी सकाळी घरात कोण कोण असतंय?”

“चल आता. आन इतकी ताठ चालू नको, वझ्याखाली बाई जरा वाकती.”

स्टँडात माणसांची दाटी होती. धुरपताबाई मान खाली घालून, चपला फरफटत पुढं चालल्या होत्या. चालता चालताच पुटपुटल्या, “चहाच्या टपरीपाशी दोघंजण हायत. टोपीवाला तुजा दीर नव्हं?”

निकितानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, बलभीमच होता. बाईंनी मान एकदाही वर केली नव्हती. टपरीत फरसाणाचं काचेचं कपाट होतं, त्या काचेत सगळा स्टँड दिसत होता. कोण कुठून आलं, कुणाचं तोंड कुठं आहे, गाडी लागली तर कुठल्या बाजूनं चढायचं, सगळं या बाईनं चार पावलांत टिपलं होतं. शाळेतसुद्धा इतकं हुशार माणूस आपण पाहिलं नाही, असं निकिताला त्या भीतीतही वाटलं.

दोघी खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. फडक्याची कड निकिताच्या भुवयांवर लोंबत होती आणि त्यातलं पाणी गालांवर ओघळत होतं.

बलभीम बायकांच्या बाकड्यांकडं आला. स्कार्फ बांधलेल्या, पिशव्या घेतलेल्या पोरींची तोंडं त्यानं न्याहाळली. मग मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं खाकरला.

घरात शिरताना तो असाच खाकरायचा. तो आवाज आला की चुलीपुढं असो, गोठ्यात असो, निकिताचा हात आपोआप पदराकडं जायचा. आत्ताही तो गेलाच. उजवा हात पाटीवरून सुटला, पाटी कलंडली, आणि पडेल या भीतीनं तिनं ती पुन्हा दोन्ही हातांनी गच्च धरली.

पलीकडच्या बाकड्यावर एका परक्या सुनेनं मात्र झटकन पदर डोक्यावर ओढला. बलभीम नेमका तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तोंड पाहिलं आणि ओशाळून मागं फिरला. तो मुद्दाम खाकरला होता, हे निकिताला तेव्हा उमगलं. परतताना तो निकिताच्या जवळ आला, इतका जवळ की तंबाखूचा वास आला. त्यानं पाटी पाहिली आणि वाट सोडून बाजूनं गेला.

गाडी येडशीच्या पुढं गेली तेव्हा कुठं निकितानं विचारलं,

“मावशी, तो खाकरंल हे तुमाला कसं ठावं?”

धुरपताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. “माजा दीर बी असाच खाकरला हुता. त्याच स्टँडात. पोरगी कडंवर हुती माजी.”

“मग?”

“एक हात मोकळा हुता की.” त्यांनी मांडीवरच्या पाटीचं फडकं नीट केलं. “उतरल्यावर रेंगाळू नको. मला दोनच्या गाडीनं घरी माघारी जायचं हाय.”

धाराशिवच्या स्टँडवर मावशींच्या निरोपावरून आई आधीच येऊन उभी होती. तिनं निकिताला छातीशी धरलं आणि ती रडायला लागली. निकिताला मावशींच्या पाया पडायचं होतं, आईला त्यांची ओळख करून द्यायची होती. ती वळली.

बायका निघाल्या होत्या, कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, कुणाच्या डोक्यावर बोचकं. त्यांतल्या धुरपताबाई कोणत्या, ते तिला काही केल्या ओळखता आलं नाही.