मेंदूच्या देठातले दाणे

सायफिनचं काम कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. थायलंडमधल्या खोनकेन शहरात, एका इस्पितळाच्या तळघरात बसून ती दिवसभर माणसांच्या मेंदूची चित्रं पाहायची, आणि मेंदूच्या देठात, मानेच्या जरा वर, डावी-उजवीकडे तांदळाच्या कणीएवढे जे दोन पांढुरके दाणे दिसतात, त्यांच्याभोवती एकेक कडं काढायची. हे दाणे तरुणपणी फिके असतात, साठीपर्यंत भरत जातात, पुढे विरायला लागतात. माणूस जागा राहतो, सावध होतो, दचकतो, ते त्यांच्याच जोरावर. म्हातारपणी ते कसे बदलतात याचा अभ्यास चालला होता. चित्रावर नाव नसे, वय नसे, नुसता आकडा असे. तेच चित्र काही दिवसांनी दुसऱ्या आकड्याखाली गुपचूप पुन्हा पुढ्यात येई, म्हणजे तिची नजर दोन्ही वेळा एकाच जागी पडते की नाही ते कळावं. नऊ वर्षांत सायफिन एकदाही चुकली नव्हती आणि याचा तिला गर्व होता, का नसावा?

या अभ्यासात तिने आईचं नाव घातलं, त्याला कारण होतं. आई बुआलाय, एकाहत्तर वर्षांची, बसस्टँडसमोर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकायची, आणि लोक कोशिंबिरीइतकीच तिची बोलणी खायला यायचे. एका दुपारी गाड्यामागचा ट्रान्सफॉर्मर फुटला. सायफिन तेव्हा जेवायला आलेली, आईला अगदी खेटून उभी होती. दोघींना ओरखडाही आला नाही. पण त्या दिवसापासून आई दचकेनाशी झाली. मागून हाक मारा, भांडं आपटा, ती सावकाश मान वळवायची. गिऱ्हाईक टोमणा मारून वाट पाही आणि उत्तरच येत नसे.

शेजारची नोईमावशी म्हणाली, "ख्वन गेलाय तिचा. बोलावून आणा, मनगटाला दोरे बांधा. तुझ्या त्या यंत्राला काय कळतंय त्यातलं?"

माणूस फार घाबरला की त्याच्या अंगातला ख्वन, म्हणजे जिवाचं चैतन्य, उडून जातो आणि वाट चुकतो, हे सायफिनला कळत्या वयापासून ठाऊक होतं. पण आधी तिला दाणे पाहायचे होते. आई पुन्हा पहिल्यासारखी होईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारायला तिच्या ओळखीची दुसरी जागा नव्हती.

आईला यंत्रात घातलं त्याच आठवड्यात तिच्यापुढे एक चित्र आलं, त्यात दाणेच नव्हते. पुसट नव्हते, नव्हतेच. तिने नियमाप्रमाणे "सापडले नाहीत" असा शेरा लिहिला. कुणाचं ते विचारायची सोय नव्हती, तरी त्या आठवड्यात यंत्रात कोण कोण गेलं ते ती मनात मोजत राहिली.

तिसऱ्या दिवशी आलेल्या चित्रात चार होते. तिने पुन्हा मोजले. दोन फिके, आपल्या जागी. आणि त्यांना खेटून दोन भरलेले, जुने, दाटीवाटीने बसलेले, एका खुर्चीवर दोघं बसावेत तसे. भीती वाटायच्या आधी तिला गंमत वाटली. तिसरं कडं काढायला गेली तर ते उमटेना. दोनच कड्यांची सवय असलेल्या यंत्राने दोनच घेतली. तिने फिक्यांना कडी केली आणि घरी गेली.

तिची झोप मात्र हल्ली उडाली होती. पाल चुकचुकली तरी ती ताडकन उठून बसे. रविवारी ती आईच्या गाड्यावर उभी होती, तेव्हा एक अनोळखी ट्रकवाला आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुला तीनच मिरच्या, नाहीतर घाटात रडत बसशील." तो खूश होऊन म्हणाला, की आईने सगळं शिकवून ठेवलेलं दिसतंय. आईने तिला काहीच शिकवलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी अभ्यासाचे प्रमुख, डॉक्टर कम्फोन, यांनी तिला बोलावलं. चार दाण्यांच्या त्या चित्रात तिने पहिल्यांदा फिक्यांना आणि ते दुसऱ्या आकड्याखाली परत आलं तेव्हा भरलेल्यांना कडी केली होती; म्हणजे एकाच चित्रात दोन वेगळ्या जागा.

"नऊ वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले. "दमलीस का?"

"डॉक्टर, तिथे चार आहेत."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. "मला दोनच दिसतात. पण तू दाखवलेस त्यांतले कुठले, ते सांगता यायचं नाही."

"हे माणूस किती वर्षांचं आहे?"

नियमात बसत नव्हतं, पण त्यांनाही राहवेना. त्यांनी यादी उघडली आणि हसले. "अगं, हे अभ्यासातलं नाहीच. यंत्र तपासायला आपल्यातलंच कुणीतरी आत झोपतं ना, तसं काढलेलं. तुझंच आहे."

ती यंत्रात झोपली होती ट्रान्सफॉर्मर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी.

शनिवारी सकाळी नोईमावशीच्या अंगणात सगळे जमले. ख्वन बोलावणाऱ्या खामसिंग आजोबांनी आईचे तळवे उताणे करवले. आईच्या कोपराला सायफिनने हात लावला, तिच्या कोपराला मावशीने, अशी साखळी झाली. आजोबा बोलावू लागले, रानात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये, परक्या उंबऱ्यात अडकला असशील तर तिथूनही ये. सायफिनला रडू आलं. आईवर तिचा इतका जीव होता की त्या घडीला तिने आपलं कुठलं, आईचं कुठलं याचा हिशेबच केला नाही. ती मनात म्हणाली, जा. इथे जे काही आहे ते सगळं घेऊन जा.

"आला का?" आजोबांनी विचारलं.

"आला," सगळे म्हणाले.

तेवढ्यात मावशीचा धक्का लागून पितळी थाळी पायरीवरून खाली फरशीवर आदळली. सगळं अंगण दचकलं. आई जागच्या जागी उडाली, छातीवर हात ठेवून ओरडली, "नोई, हात आहेत का लाकडं? आत्ताच आणलाय तो परत घालवतेस काय?"

मावशी हसता हसता रडायला लागली आणि तिने आईला मिठी मारली. सायफिन जागची हलली नव्हती. तिने थाळी पडताना पाहिली होती, आवाजही ऐकला होता. आता तिने सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं. थाळी फिरत फिरत थांबली, हसणं ओसरलं, आणि कुठेही काही वाजलेलं नसताना आई पुन्हा एकदा दचकली.