फ्रेममध्ये उरलेली चार बोटं

माझ्या धाकट्या भावाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बरोबर वर लावलाय. शाळेच्या बसमागे उभा राहून तो एका मुलीला झेलतोय, भोवती धूरच धूर. आई रोज त्याची काच पुसते आणि येईल त्याला दाखवते. "हीरो आहे माझा," म्हणते. म्हणू दे. माझी मात्र तो फोटो बघितला की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या बसवर धाकटा ड्रायव्हर आणि मी मुलांना सांभाळणारी बाई. त्याला नोकरी मीच लावून दिली, शाळेत शब्द टाकून. माझं काम काय, तर नाकं पुसा, भांडणं सोडवा, हरवलेले मोजे शोधा. नियम एकच, आणि तो मी चौदा वर्षं पाळला. शेवटचं मूल उतरल्याशिवाय बाईने उतरायचं नाही, आणि उतरण्याआधी प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं.

त्या दिवशी इंजिनातून धूर आला आणि बघता बघता पुढच्या दारापाशी जाळ झाला. धाकट्याने आपल्या बाजूचं दार उघडून उडी मारली आणि थेट समोरच्या टायरच्या दुकानापर्यंत पळाला. आत मी आणि अकरा मुलं. आग विझवायचा लाल डबा काढला तर रिकामा. निदान मागची काच फोडायला तरी कामाला आला. मग मी धाकट्याला अशी हाक मारली, की तशी जन्मात कधी मारली नसेल. तो परत आला. आला, हे मी नाकारत नाही. तो खाली उभा राहिला, मी एकेक मूल खांद्यांना धरून खिडकीतून सोडत गेले आणि तो झेलत गेला. एक मुलगा खिडकीची कड सोडेना, त्याला मी ढकललं. अकरावी मुलगी दिली आणि सवयीने सगळ्या सीटखाली वाकून बघितलं. मग मी उडी मारली. तोवर धाकटा त्या मुलीला कडेवर घेऊन पुढच्या बाजूला गेला होता आणि सगळी गर्दी त्याच्यामागे. मी बसच्या मागे खोकत पडले होते.

टायरवाल्याने आधी एक फोटो काढला होता, पण व्हिडिओ काढला तो इथून पुढचा. धुरातून चालत येणारा माझा भाऊ. दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनवर तोच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, बसमधली बाई कुठे दिसत नाही ती? पळाली वाटतं. चौथ्या दिवशी त्या ढकललेल्या मुलाच्या आईची तक्रार आली. मनगट मोडलं होतं त्याचं, आणि "बाईने ढकललं" असं तो सांगत होता. म्हणजे मी पळूनही गेले होते आणि पोरं ढकलतही होते. दोन्ही एकदम कसं जमलं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

"एवढंच सांग, की मी आत होते," मी धाकट्याला म्हटलं.

"ताई, हे काय सांगायला हवं? सांगतो की."

चौकशीच्या आदल्या दिवशी टायरवाल्याच्या त्या फोटोची फ्रेम घरी आली. आईने कौतुकाने माझ्या हातात दिली. मुलगी आणि धाकटा, बस्स. पण मुलीच्या खांद्यावर चार बोटांची टोकं राहिली होती. धाकट्याचे दोन्ही हात तर मुलीच्या कमरेला होते. त्या बोटांतल्या एकाला चिकटपट्टी होती. त्याच सकाळी धाकट्याच्या डब्याची भाजी चिरताना कापलेलं माझं बोट.

मी फ्रेमवाल्याकडे गेले.

"फोटो मोठाच होता हो," तो म्हणाला. "तुमच्या भावानेच सांगितलं, खिडकी नको, इथून काप." कापलेला तुकडा त्याने कोपऱ्यातून काढून दिला. त्यात फुटलेली काच, माझे दोन हात, बोटावरच्या पट्टीचं उरलेलं टोक आणि धुरात अर्धा चेहरा.

शनिवारी चौकशीला मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत धाकटा नवा शर्ट घालून बसला होता. "धूर फार होता मॅडम," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "आत कोण होतं, मला दिसलं नाही."

"मग अकरा मुलं काय उडत आली तुझ्या हातात?" मी म्हटलं आणि तो तुकडा टेबलावर ठेवला.

मोठ्या बाईंनी तो बघितला. मग माझ्या बोटावरची पट्टी बघितली. त्यांनी धाकट्याला बाहेर पाठवलं.

"मला कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण सोमवारी त्याचा सत्कार आहे. पाहुणे ठरलेत. आता हे काढलं तर तो डबा रिकामा होता, तेही निघेल. तुम्ही स्वतःहून सोडा. दाखल्यावर मी चांगलं लिहून देते." आणि तुकडा त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला.

नोकरी गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या खिडकीखाली उभं राहून धाकट्याने अकरा वेळा माझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

बाहेर आले तर फाटकापाशी दुसरी बस उभी होती. धाकटा स्टिअरिंगवर जाऊन बसलेला. माझ्या जागी घेतलेली मुलगी दारात उभी राहून मुलांना चढवत होती. कोवळी होती, ओढणी नीट खोचलेली. मला राहवलं नाही.

"शेवटचं मूल उतरल्याशिवाय उतरायचं नाही बरं का," मी तिला म्हटलं. "आणि सीटखाली बघायचं."

ती गोड हसली. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"काळजी करू नका मावशी," ती म्हणाली. "आधीच्या बाईसारखी पोरांना टाकून पळणारी नाही मी."

धाकट्याने ते ऐकलं. आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.