गुरुदत्तने डिशवॉशर दुरुस्त केला

त्या शनिवारी वसुधाच्या घरात सात वस्तू बंद होत्या आणि त्यांतल्या सहा तिच्या नवऱ्याने, गुरुदत्तने, दुरुस्त केलेल्या होत्या.

टोस्टरचं त्याने फुलके फुगवायचं यंत्र केलं होतं. त्यातून आता ना टोस्ट निघायचा ना फुलका, नुसता धूर. व्हॅक्यूम क्लीनर कचरा ओढायच्या ऐवजी फुंकायचा. दारावरची बेल दाबली की बेल वाजत नसे, पण वरच्या बाथरूममधला दिवा जाई, त्यामुळे आत जो कोणी असेल त्याला पाहुणे आल्याचं अंधारात कळे. याला गुरुदत्त सुधारणा म्हणायचा. तो कंपनीत पंप डिझाइन करायचा आणि घरी मेकॅनिकला बोलावणं म्हणजे त्याला स्वतःची डिग्री परत केल्यासारखं वाटायचं.

सातवी वस्तू म्हणजे डिशवॉशर. अठ्ठ्याहत्तर साली न्यूजर्सीतल्या पिस्कॅटवेचं हे घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला, आणि बंदच आला. अख्ख्या घरात ही एकच वस्तू अशी होती, जिच्या बंद असण्याबद्दल वसुधाची काडीची तक्रार नव्हती. भांडी ती हातानेच घासायची. डिशवॉशरचं दार घट्ट, त्याला रबराची पट्टी, आत ना मुंगी ना ओल. तिने त्यात मसाले ठेवले होते. वरच्या जाळीत हळद आणि तिखट, खालच्या जाळीत यंदा साताऱ्याहून सुटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून आणलेला दोन किलो गोडा मसाला.

गुरुदत्तला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं तो या घरात दोन्ही वेळ जेवत होता, पण मीठ कुठे असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ते ताटात असतं, एवढी माहिती त्याला पुरत होती.

आणि उद्या रविवारी मराठी मंडळाची चाळीस माणसं तिच्या घरी जेवायला येणार होती. मेनू मसालेभात. गेल्या वर्षी हे जेवण उत्तराकाकूंकडे होतं, त्यांच्याकडचा गोडा मसाला संपला होता आणि त्यांनी दुकानातली करी पावडर घातली होती. त्या भाताची चर्चा पिस्कॅटवेत वर्षभर पुरली. ती पुरवली होती वसुधाने.

किराणा घेऊन ती दुपारी घरी आली, तर स्वयंपाकघरातून घुर्र घुर्र आवाज. गुरुदत्त जमिनीवर मांडी घालून, एखाद्या गवयासमोर बसावं तसा डिशवॉशरसमोर बसला होता.

"ऐक," तो म्हणाला. "सील मिळत नव्हतं. दीपाच्या जुन्या सायकलच्या ट्यूबमधून कापलं. एक थेंब गळत नाही."

वसुधाच्या हातातली पिशवी खाली गेली. "अहो, थांबवा ते!"

"आता नाही थांबत. धुण्याची सायकल पूर्ण करूनच थांबेल."

"बटण दाबा!"

"बटण खराब होतं. वायर डायरेक्ट जोडलीय."

"आत बघितलंत का तुम्ही? एकदा तरी?"

"आत कशाला बघू?" गुरुदत्तला खरोखर प्रश्न पडला. "बिघाड खाली होता."

वसुधाने दार खेचलं. दार उघडलं की मशीन बंद पडायला हवं. पण तो स्विचही गुरुदत्तला अनावश्यक वाटला होता. त्यामुळे डिशवॉशर थांबला नाही, उलट मोकळी हवा मिळाल्यासारखा जोरात सुरू झाला. गरम, तपकिरी पाण्याचे फवारे ओट्यावर, पडद्यावर, वसुधाच्या नव्या कोटावर. प्लॅस्टिकच्या फुटक्या पिशव्या आत गरगर फिरत होत्या.

नऊ वर्षांची दीपा दारात येऊन उभी राहिली. "डॅड," ती म्हणाली, "इट्स रेनिंग आमटी."

गुरुदत्त फ्यूज काढायला तळघरात धावला. आधी फ्रिज बंद पडला, मग टीव्ही, मग सगळं घर, आणि अगदी शेवटी डिशवॉशर. तो वर आला तेव्हा वसुधा तपकिरी तळ्यात उभी होती. त्याने ओट्यावरच्या थेंबाला बोट लावलं आणि चाखलं.

"साबण घातला नव्हता," तो म्हणाला. "म्हणजे टेक्निकली खाता येईल. मीठ कमी आहे."

चौदा वर्षांच्या संसारात वसुधाकडे या माणसासाठी बरेच शब्द जमले होते, पण त्यांतला एकही पुरेसा नव्हता. तिने फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. न्यूजर्सीत या घडीला दोन किलो गोडा मसाला एकाच घरात असण्याची शक्यता होती.

"काकू, मी वसुधा. तुमच्याकडे गोडा मसाला असेल का हो, थोडा?"

पलीकडून "हं" आलं. लांब, चवीचवीने घेतलेलं.

"अगं, करी पावडर आहे की," उत्तराकाकू म्हणाल्या. "आमच्याकडे चाळीस माणसं जेवली त्यावर. बरा झाला होता म्हणे भात. तुझ्या कानावर आलंच असेल."

"काकू, चुकलं माझं."

"काय? लाइन खराब आहे."

"चुकलं म्हटलं!" वसुधा इतक्या मोठ्याने म्हणाली की दीपा दचकली.

"हां, आता आलं ऐकू. ये घेऊन जा. यंदा भरपूर आणलाय. डिशवॉशर भरलाय नुसता." मग काकूंनी विचारलं, "काय गं, तुझ्याकडचा कशाने संपला?"

वसुधाने सांगितलं. काकू हसल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज एकदम काळजीचा झाला.

"तू ये. पण गुरुदत्तला गाडीतच बसव. आमच्या दाराच्या आत पाऊल नको."

वसुधाला अजून ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं नव्हतं, म्हणून गुरुदत्तला न्यावंच लागलं. वाटेत तो पाण्याच्या प्रेशरबद्दल बोलत होता. काकूंच्या दारात तिने त्याला सांगितलं, "उतरायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही." त्याने मान डोलावली.

आत दहा मिनिटं गेली. काकूंनी मसाल्याबरोबर मसालेभाताची कृतीही दिली, कागदावर लिहून, जशी नव्या सुनेला देतात. वसुधाने तीही घेतली.

ती डबा घेऊन बाहेर आली तर गाडीचं हूड उघडं होतं. गुरुदत्तचा वरचा अर्धा भाग आत होता, आणि फुटपाथवर, त्याच्या रुमालावर, पाच-सहा काळे भाग ओळीने मांडलेले होते.

"इंजिन थोडं खरखरत होतं," तो आतून म्हणाला. "दोन मिनिटं."

वसुधाने डबा कोटाच्या आत घेतला, बटणं लावली आणि चालायला लागली. घर दीड मैलावर होतं. तांदूळ संध्याकाळी निवडायचे होते, मटार सोलायचे होते, स्वयंपाकघर पुसायचं होतं.

मागून दोनदा हॉर्न वाजला. तिने वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा तो वाजला, आणि मग थांबेचना.