शेवटच्या कडव्यातलं नाव

"काका, परत बंकटच आलं," काचेपलीकडून युवराज म्हणाला आणि त्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

सकाळपासून ही नववी खेप. मुखडा नीट येत होता, पहिली दोन कडवी तर युवराजच्या भाषेत 'मख्खन' झाली होती. पण शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घ्यायची वेळ आली की आश्रुबांच्या तोंडून सरळ दुसऱ्याच माणसाचं नाव बाहेर पडायचं. आणि ते त्यांना कळायचंही नाही. युवराजने थांबवलं की मगच कळायचं.

"न्हाई वो. ह्या खेपेला मी आश्रुबाच म्हनलो," ते म्हणाले.

युवराजने वाद घातला नाही. तेवढा तुकडा लावून दाखवला.

नळ लागला भिंतीवरती, पाणी पोचलं कागदाला,
बंकट म्हणे, अवं सांगा कुणी, तहान असते का कागदाला?

आवाज आश्रुबांचाच होता. थोडा खरखरीत, पण सुरात. त्यांनी रुमालाने मान पुसली. बीडच्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या, वर पत्रा होता, आणि ऑक्टोबरच्या उन्हाला तर काही दयामाया नसतेच. कोपऱ्यात बसलेल्या आरोहीने पाण्याची बाटली पुढे केली. आरोही त्यांची नात, बीडला कॉलेजात शिकणारी. हा सगळा उद्योग तिनेच सुरू केलेला.

इकडच्या गाण्यांची एक रीत आहे. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. सातबाऱ्यावर नाव असतं तसंच ते. नाव नसेल त्याने 'माझं आहे, माझं आहे' म्हणून गावभर ओरडावं, कुणी विचारत नाही.

टँकरचं हे गाणं आश्रुबांनी तीस वर्षांपूर्वी रचलं आणि तलवाड्याच्या बंकटने गायलं. साहेब पाहणीला येणार म्हणून गावात टँकर येतो, साहेब गेला की टँकरही जातो, एवढीच त्यातली गोष्ट. कॅसेट निघाली आणि गाणं जिल्हाभर झालं. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांवर ते वाजलं, बँडवाल्यांनी उचललं, वरातींत नवरदेवाच्या पुढे वाजलं. पाणी नसल्याच्या गाण्यावर वरात नाचवावी ती आमच्याच जिल्ह्याने! 'बंकट म्हणे'च्या पुढे बंकट जे 'अवं' लांबवायचा त्यावर शिट्ट्या पडायच्या. ते 'अवं' आश्रुबांनी लिहिलेलं नव्हतं. 'आश्रुबा'च्या जागी 'बंकट' घातल्यावर ओळ आखूड पडली, म्हणून बंकटने ते ठिगळ लावलं होतं. लोकांना ठिगळच आवडलं.

कॅसेटच्या कव्हरवर गॉगल घातलेला बंकट होता, आणि खाली बारीक अक्षरांत 'गीत : पारंपरिक'. आश्रुबा तेव्हा सदतीस वर्षांचे होते. सदतिसाव्या वर्षी पारंपरिक झालेला माणूस जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

बंकटने आपलं नाव चोरलं, ही गोष्ट आश्रुबांनी नंतर किती जणांना सांगितली असेल याला सुमार नाही. पाटोद्याला ज्या कचेरीत ते शिपाई होते तिथल्या सगळ्या बाबूंना ती पाठ होती. कॅसेटी संपल्या, बंकटची गाण्याची पार्टी मोडली, आश्रुबा रिटायर होऊन चौसाळ्याला घरी येऊन बसले, तरी गोष्ट चालूच होती. आरोही तर तीच ऐकत मोठी झाली. शेवटी तीच म्हणाली, "आबा, आता स्वतःच गा की. अल्बम काढू." तिने पोस्टरही केलं : 'आश्रुबा, स्वतःच्या आवाजात. दसऱ्याला येत आहे.' दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघतात, त्याआधी गाणी लोकांच्या मोबाइलात गेली पाहिजेत, ही अक्कल मात्र आश्रुबांची.

आठ गाणी. सात नवी, ती दोन दिवसांत झाली. आठवं हे. आणि खरं सांगायचं तर ती सात गाणी म्हणजे नुसती वरात होती, नवरदेव हे एकच. या गाण्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदा 'आश्रुबा म्हणे' यावं, याच्यासाठी तर सदुसष्टाव्या वर्षी हा खटाटोप.

खाली चहाच्या गाड्यावर आरोही म्हणाली, "आबा, रागावू नका, एक विचारू? त्यांनी नाव चोरलं, तर मग पुढे अकरा वर्षं तुम्ही त्यांनाच गाणी का दिली?"

आश्रुबांनी बशी खाली ठेवली.

"मागत व्हता. दिली."

"पण का?"

"आता कावून म्हंजे... द्यावी लागती."

उत्तर देता देताच त्यांना कळलं की हे उत्तर नव्हे. नुसती गाणी दिली नव्हती. बंकट दर पाडव्याला घरी जेवायला यायचा, आश्रुबांची बायको छबुबाई त्याला आग्रहाने पुरणाची पोळी वाढायच्या. चोराला कोणी पुरणाची पोळी वाढतं का? हा प्रश्न इतक्या वर्षांत आपल्याला कसा पडला नाही, याचंच त्यांना नवल वाटायला लागलं, आणि भीतीही.

"चल," ते उठले. "तलवाड्याला जाऊ. तोंडावर इचारतो त्याला."

गेवराईपर्यंत एसटी आणि पुढे जीप. वाटभर आश्रुबा ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवत होते. एखादं कडवं जुळवावं तसं ते जुळवलं, दोन शिव्याही बसवल्या.

बंकट घरापुढच्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. दात गेले होते, गाल आत ओढले होते. ज्या आवाजावर बायाबापड्या माना डोलवायच्या त्या आवाजाची आता नुसती फुसफुस राहिली होती. पण आश्रुबांना पाहिलं आणि चेहरा उजळला.

"आश्र्या! जित्ता हाय का बे तू? मंगल, च्या टाक गं, माझा कवी आलाय!"

'माझा कवी' ऐकलं आणि आश्रुबांचं जुळवलेलं वाक्य शिव्यांसकट विस्कटलं. सून चहा ठेवून आत गेली. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची, डोळ्यांची चौकशी केली. शेवटी आरोहीने आबांकडे रोखून पाहिलं, तेव्हा त्यांनी कसंबसं विचारलं, "बंकट, टँकरच्या गाण्यातलं माझं नाव तू कावून काढलं?"

बंकट आधी हसला. मग समोरचा माणूस हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"मी काढलं? तूच काढायला लावलं की बे."

"खोटं बोलू नको."

"कावून खोटं बोलू? औरंगाबादला, त्या रेकॉर्डिंगवाल्याच्या जिन्यात. तू तापाची रजा टाकून आलतास. माझा हात धरला अन् म्हनला, बंकट, गाण्यातला साहेब म्हंजे आपलाच साहेब हाय, त्यानं आइकलं तर नोकरी जाईल माझी. माझं नाव नको, तुझं घाल. मी म्हनलो, ओळ आखूड पडती. तू म्हनला, पडू दे. इतका कापत व्हता, मला वाटलं खरंच ताप हाय."

"अन् ते पारंपरिक?"

"ते बी तूच. म्हनला, कव्हरवर बी नको, कचेरीत कोनी वाचलं तर?"

आश्रुबांना जिना आठवत होता. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या. रजेचा अर्ज आठवत होता, त्यावर आपण 'थंडीताप' लिहिलं होतं हेसुद्धा आठवत होतं. बंकटचा हातही आठवला, त्याच्या बोटातली चांदीची अंगठी दिसली. पण त्या जिन्यात कोण काय बोललं, हे काही केल्या आठवेना. तिथे सगळा कोरा कागद. बंकट बनवतोय म्हणावं तर त्याला आता त्यात काय मिळायचं होतं? आणि तो खरं बोलतोय म्हणावं तर तीस वर्षं आपण काय सांगत फिरलो?

"तू मला चोर समजत व्हता का बे?" बंकटने विचारलं. रागाने नाही. साधंच विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

आश्रुबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"स्टेजवर तर मी म्हनायचो, शब्द आश्रुबाचे हायेत म्हनून." बंकट थांबला, डोकं खाजवलं. "म्हनायचो ना? आता मला बी नीट याद न्हाई."

निघताना तो काठी टेकत फाटकापर्यंत आला. "नाव घाल तुझं. तुझंच हाय ते. 'अवं' तेवढं काढू नको. ते माझं हाय."

चौसाळ्याला पोचेपर्यंत दिवस कलला होता. छबुबाई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. आरोही हातपाय धुवायला आत गेली तसे आश्रुबा बायकोसमोर येऊन बसले.

"मी औरंगाबादहून आलो, टँकरची कॅसेट झाली तवा. घरी आल्यावर काय बोललो व्हतो गं?"

"काय न्हाई. जेवला न्हाईत. झोपला."

"मंग बंकटनं नाव काढलं, हे मी तुला कवा सांगितलं?"

छबुबाईंनी आठवून पाहिलं. "लई मागून. गाणं गाजल्यावर. बँडवाले वाजवायला लागले तवा."

"मंग खरं काय झालतं?"

"मला काय ठावं? मी व्हते का तिथं?" त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले, आणि मान वर न करता म्हणाल्या, "पर तवा तुमी लई भीत व्हता. साहेबाला, बड्या बाबूला, बदलीला. झोपंत बी 'व्हय साहेब' म्हनायचा. मी कुनाला सांगितलं न्हाई कवा."

"मंग इतकी वर्सं मी बंकटला शिव्या देत व्हतो, तवा तू कावून बोलली न्हाई?"

"त्येनं तुमाला बरं वाटत व्हतं," छबुबाई म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.

आश्रुबांना लाज वाटली. मग राग आला, पण तो कुणावर काढावा हे समजेना. बंकटवर काढता येत नव्हता, बायकोवर काढावा असं तिने काही केलं नव्हतं, आणि सदतीस वर्षांचा तो शिपाई आता कुठून आणायचा? दोन लेकरं पदरात, कायम होऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्याने भ्यायचं नाही तर काय करायचं? पण मग त्याने नंतर चोरीची गोष्ट का रचली? की रचली नाही, हळूहळू ती तशी होत गेली? गाणी जुळवणाऱ्या माणसाला गोष्ट जुळवायला कितीसा वेळ लागतो! त्या दिवशी त्यांना एक खात्रीची गोष्ट हवी होती, आणि ती घरात, गावात कुणाकडेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बीडला जाताना आरोहीने बसमध्ये विचारलं, "आबा, नाव कुणाचं घेणार?"

"माझं," ते म्हणाले. "भ्यायचं आता कोनाला? तो साहेब वारून पंधरा वर्सं झाली."

काचेमागे युवराजने बोट वर केलं. गाणं सुरू झालं. टँकर आला, साहेब आला, हार आले, बायांच्या घागरी कोरड्याच राहिल्या. शेवटचं कडवं जवळ आलं तशी आरोहीने ओढणीची गाठ मुठीत धरली. नळ लागला भिंतीवरती, पाणी पोचलं कागदाला. आणि पुढे 'आश्रुबा म्हणे' आलं. पाठोपाठ 'अवं'सुद्धा आलं. ओळ लांबली, तरी त्यांनी ती ओढून तालात बसवली.

"आलं!" आरोही ओरडली.

युवराज हसला, पण त्याने अंगठा दाखवला नाही. "आलं काका, बरोबर आलं. फक्त नाव दबकं येतंय. तेवढं मोकळं सोडा."

परत घेतलं. परत तसंच. तिसऱ्यांदा आश्रुबांनी छाती भरून श्वास घेतला, 'कागदाला' या शब्दावर आवाज खणखणीत चढवला, आणि नावापाशी आल्यावर तो आपोआप खाली बसला. कचेरीच्या व्हरांड्यातून साहेब निघाला की शिपायांचं बोलणं बसतं, तसा. 'म्हणे'पासून पुन्हा मोकळा.

"या, बघा," युवराजने त्यांना आत बोलावलं. मशीनच्या पडद्यावर गाण्याच्या आवाजाची रेघ उभ्या ज्वारीसारखी दाट होती, आणि मध्येच एका ठिकाणी अगदी ठेंगणी. "हे तुमचं नाव. काही काळजी करू नका, एवढंच मशीनवर उचलतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"उचल ना," आरोही म्हणाली.

आश्रुबांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि पडद्याजवळ वाकून ती ठेंगणी रेघ बराच वेळ पाहिली.

"नको," ते म्हणाले.

"अहो काका, मोबाइलवर नीट ऐकूच येणार नाही. लोकांना वाटेल..."

"वाटू द्या. जेवढं निघालं तेवढं माझं हाय. ऱ्हाऊ द्या."

युवराजने एकदा आरोहीकडे पाहिलं, आणि माऊसवरचा हात काढून घेतला.